दांडीवरचा लाडू

या पाठात ज्या पदार्थाचा विचार करावयाचा आहे, त्याला 'केक पॉप' असे नाव आहे. भाजलेल्या केकचा चुरा करावयाचा, तो लोणी-साखरेच्या मिश्रणाने बांधून त्याचे लिंबाएवढे गोळे वळावयाचे, प्रत्येक गोळ्यात एक काडी खोचावयाची आणि तो गोळा वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून वर साखरेचे रंगीत दाणे लावावयाचे, एवढीच त्याची कृती. अमेरिकेत हा प्रकार २००८ च्या सुमारास लोकप्रिय झाला. जॉर्जिया राज्यातील अँजी डडली यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. त्यांचे या विषयावरील पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे मोठ्या कॉफीगृहांच्या काचेच्या कपाटांतही हे गोळे दिसू लागले.

मूळ पाठ एवढ्यावरच उभा आहे. परंतु तो ज्या स्वयंपाकघरात बसून लिहिला गेला, तेथे लोणी-साखरेचे फेटलेले मिश्रण डब्यात तयार मिळते, चॉकलेट ओट्यावर ठेवले तरी घट्ट राहते आणि फळीवरच्या साखरेला वर्षभर पाणी सुटत नाही. जबलपूरच्या स्वयंपाकघरात यांतले एकही गृहीत टिकत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेला अनुवाद येथे वाचकाच्या हाती केवळ बिघडलेला पदार्थ देऊन गेला असता. म्हणून हा पाठ मी माझ्या घरी दोन ऋतूंत प्रत्यक्ष करून पाहून नव्याने लिहिला आहे. त्यात माझी फजिती आली आहे आणि माझ्या आत्याची परातही आली आहे. वाचक या दोन्ही गोष्टी चालवून घेतील अशी आशा आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. 'पॉप' हा 'लॉलीपॉप'चा तोडलेला तुकडा होय. लॉलीपॉप मराठीत रुळला, नुसता 'पॉप' रुळला नाही. 'केककाडी', 'चुरागोळी' असे काही शब्द मी करून पाहिले. ते शाळेतल्या मुलांना ऐकविले तेव्हा मुले हसली. शेवटी 'दांडीवरचा लाडू' हेच नाव ठेवले. त्याला कारण केवळ गोल आकार नव्हे. आपल्याकडे लाडू 'वळतात'. या क्रियापदात मुठीचा दाब आणि तळहातांचा फेर अशा दोन क्रिया एकत्र आल्या आहेत, आणि या पदार्थात यश अथवा अपयश पुष्कळसे त्याच दोन क्रियांवर अवलंबून असते. गोळा नुसता फिरविणारा माणूस येथे हटकून फसतो, हे पुढे दिसेलच.

उरलेल्या भाजलेल्या पदार्थाचा चुरा करून त्याला पुन्हा रूप देणे ही कल्पना कोणा एका देशाची नाही. शिळी पोळी कुस्करून गूळ-तुपात तिचा लाडू करणे हे मराठी घरांत रोजचेच. त्याच मिश्रणाला मलिदा म्हणतात, आणि तो शब्द 'चोळणे' या अर्थाच्या फारसी धातूवरून आलेला आहे. राजस्थानात बाटीचा चुरमा होतो. जबलपूर आणि नरसिंगपूरकडे गोवऱ्यांवर भाजलेले जाड 'गक्कड' खातात. तेही कुस्करून तूप-गुळाबरोबर खाण्याची चाल आहे. डेन्मार्कमध्ये बेकरीत उरलेल्या गोड पावांचा चुरा कोको आणि रमचा स्वाद देऊन गोळ्यांच्या रूपाने विकतात. स्वीडनमध्ये अशाच चुऱ्याच्या, हिरव्या आवरणात गुंडाळलेल्या एका वडीला चक्क 'धूळ ओढणारे यंत्र' असे नाव आहे. तिचा आकार त्या यंत्रासारखा, आणि बेकरीची जमीन झाडून जमविलेला चुरा तिच्यात भरतात, अशी लोकांची थट्टा. थट्टेतला खोचकपणा सोडला तर उरते ती काटकसर. केकचा फुगून वर आलेला माथा सपाट करताना पाव किलो केक सहज बाजूला पडतो. तो टाकून देण्याचे धैर्य आपल्या घरांत अजून आलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

काडीवर गोड पदार्थ देण्याची कल्पनाही आपल्याला अगदी परकी नाही. गुढीपाडव्याची साखरेची गाठी आठवावी. पाण्यात भिजविलेल्या लाकडी साच्यात दोरा ठेवून वर पाक ओततात. साखर दोऱ्याभोवती थिजते आणि माळ तयार होते. तेथे दोरा जे काम करतो, तेच येथे काडी करते.

आता केक. आत्या अंडे खात नाही आणि आमच्या गल्लीतील निम्मी घरे खात नाहीत, म्हणून येथे दह्याचा केक दिला आहे. दीडशे ग्रॅम मैदा, एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ तीनदा चाळून घ्यावे. दीडशे ग्रॅम ताज्या दह्यात एकशेवीस ग्रॅम पिठीसाखर विरघळवावी, त्यात पाऊण वाटीहून थोडे कमी, म्हणजे पंच्याहत्तर ग्रॅम तेल घालून फेटावे. मग मैदा मिसळावा आणि तीन-चार मोठे चमचे दूध घालून पीठ सैलसर करावे. दही आंबट आणि सोडा क्षारधर्मी. दोघांची गाठ पडताच वायू सुटू लागतो, म्हणून भांडे त्यानंतर ओट्यावर रेंगाळू देऊ नये. अठरा सेंटिमीटरच्या डब्यात १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. ज्यांच्याकडे जुना गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन असेल, त्यांनी तो खुशाल वापरावा. त्याला तापमानाचा काटा नसतो, तेव्हा केकचा माथा बदामी झाला की सुई टोचून पाहणे हाच मार्ग. एवढ्या साहित्यात सुमारे ४८० ग्रॅम केक मिळतो. तो त्याच दिवशी कुस्करू नये. रात्रभर झाकून ठेवलेला केक एकसारखा ओलसर होतो आणि त्याचा चुरा समान पडतो. कडेची करपट, कडक साल काढून टाकावी, अन्यथा ती लाडवात खड्यासारखी लागते. साल काढल्यावर साडेचारशे ग्रॅम चुरा हाती येतो असे धरावे.

चुरा बांधण्यासाठी मूळ पाठात लोणी-साखरेचे मिश्रण सांगितले आहे. ते गोड फार, आणि आपल्या हवेत ते लवकर पातळ होते. मी खवा घेतला. ज्या शहरात कमानिया गेटजवळ खव्याची काळपट, जाड जिलेबी खाण्यासाठी माणसे वाट वाकडी करतात, तेथे हा विचार सुचण्यात फारसे कर्तृत्व नाही. खव्याचे व्यापारात तीन प्रकार मानतात. पेढे-बर्फीसाठी घट्ट 'पिंडी', कलाकंदासारख्या पदार्थांसाठी 'दाणेदार' आणि गुलाबजामसाठी मऊ, अधिक पाणी असलेला 'धाप'. आपल्याला हवा तो धाप खवा. साडेचारशे ग्रॅम चुऱ्याला नव्वद ते शंभर ग्रॅम पुरतो. तो मंद आचेवर नुसता गरम करून, मळून, गार झाल्यावर थोडा थोडा चुऱ्यात घालावा. सगळा एकदम कधीच घालू नये. चुरा मुठीत दाबला असता त्याचा मुटका व्हावा आणि बोटाने ढकलला असता तो दोन तुकड्यांत मोडावा, चिकटू नये; येथे थांबावे. याच्या पुढे गेलेले मिश्रण काडीवर टिकत नाही, हळूहळू खाली सरकते. खवा नासका असतो हे मात्र विसरता कामा नये. उन्हाळ्यात हे लाडू शीतपेटीत ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत.

वळण्याचे काम सावकाश करावे. प्रत्येक लाडू अठ्ठावीस ग्रॅमचा धरला तर वीस लाडू होतात आणि त्यांचा व्यास साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास येतो. तराजू असल्यास प्रत्येक गोळा तोलावा. ज्या बायकांनी आयुष्यभर बेसनाचे लाडू वळले आहेत त्यांना त्याची गरज पडत नाही. प्रथम मिश्रण मुठीत घेऊन तीन-चार वेळा घट्ट दाबावे, म्हणजे आतली हवा निघून जाते. मगच ते दोन्ही तळहातांत फिरवावे. हवा आत राहिली तर काय होते? बाहेरचे कवच थिजल्यावर ती हवा वाट शोधते आणि कवचाला टाचणीएवढे भोक पाडते. त्या भोकातून दुसऱ्या दिवशी तेलाचा थेंब बाहेर आलेला दिसतो. लाडू वळून झाले की ते शीतपेटीत तासभर ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. याचे कारण मी किंमत मोजून शिकले आहे.

त्या आधी कवचाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. खऱ्या चॉकलेटात कोको बटर हे स्निग्ध द्रव्य असते. ते सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत थिजू शकते. त्यांतील पाचवे रूप आपल्याला हवे असते. त्याला चकाकी असते, ते कट्‌कन मोडते आणि ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे हातात टिकते आणि जिभेवर विरते. ते रूप मिळविण्यासाठी काळे चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत वर न्यावे लागते. हे वाचताच जबलपूरच्या वाचकाच्या ध्यानात अडचण आली असेल. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. ज्या खोलीत हवाच ३८ अंशांची, तेथे चॉकलेट २७ अंशांपर्यंत उतरवणार कसे, आणि उतरविले तरी ते ३४ अंशांच्या वर थिजून राहणार कसे?

हा हिशोब मला तेव्हा ठाऊक नव्हता असे नाही; मी तो लिहून ठेवला होता. तरीही मे महिन्यात घरातल्या एका वाढदिवसाला चोवीस लाडू खऱ्या चॉकलेटमध्ये बुडविण्याचा हट्ट मी केला. कवच थिजेना, म्हणून लाडू बर्फाच्या कप्प्यात ठेवले. अर्ध्या तासाने ते दगडासारखे झाले आणि मला वाटले की जिंकलो. बाहेरच्या खोलीत वाळ्याचा कूलर चालू होता. हा कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ तिच्यात मिसळून; खोली गार होते आणि दमटही होते. लाडू टेबलावर मांडताच त्यांच्यावर दव धरले. दवात वरची साखर विरघळली, रंगीत दाण्यांचे रंग ओघळले. आतला गोठलेला गोळा ऊब लागून फुगू लागला आणि कवच काडीच्या बाजूने तडकले. पाहुणे येईपर्यंत चोवीसपैकी सात लाडू काडीवरून घसरून ताटात बसले होते. मुलांनी ते चमच्याने खाल्ले आणि त्यांना ते आवडलेही, हा भाग वेगळा.

त्यानंतर जे केले ते येथे नोंदवितो त्या क्रमाने करावे. उन्हाळ्यात 'कंपाउंड' या नावाने मिळणारे वेष्टणाचे चॉकलेट घ्यावे. त्यात कोको बटरऐवजी पामच्या गराच्या तेलासारखे दुसरे स्निग्ध द्रव्य असते. त्याला स्फटिकांची ती कसरत लागत नाही, ते वितळवावे आणि वापरावे. चवीला ते उणे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तोंडात मागे मेणासारखा थर राहतो. परंतु उभा राहिलेला साधा लाडू आणि घसरलेला उत्तम लाडू यांत यजमानाने पहिला निवडावा. काम पहाटे पाच वाजता करावे आणि कूलर बंद ठेवावा. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खरे चॉकलेट घ्यावे. तेव्हा येथील ओटाच संगमरवरी फरशीसारखा थंड असतो आणि वर सांगितलेले अंश बिनतक्रार साधतात.

चॉकलेट वितळविताना गरम पाण्याच्या पातेल्यावर त्याहून मोठ्या तोंडाचे भांडे ठेवावे, म्हणजे वाफ आत शिरणार नाही. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटमधील साखर भिजून कणाकणांना चिकटते आणि सगळा लगदा आवळून येतो. तो सैल करण्यासाठी दूध घालणे म्हणजे आगीत तूप. सैल हवेच असेल तर वासरहित तेलाचा एखादा चमचा घालावा. किती चॉकलेट लागेल याचाही अंदाज सांगून ठेवतो. दोन मिलिमीटर जाडीचे कवच धरल्यास प्रत्येक लाडवाला साधारण दहा ग्रॅम, वीस लाडवांना दोनशे ग्रॅम चिकटते. पण लाडू पूर्ण बुडावा इतकी खोली भांड्यात हवी, तेव्हा साडेतीनशे ग्रॅम वितळवावे. उरलेले थापून ठेवता येते. भांडे उथळ नको, उंच पेला घ्यावा.

काडीचे टोक प्रथम दीड सेंटिमीटर चॉकलेटमध्ये बुडवून मग लाडवात अर्ध्यापर्यंत खोचावे आणि ते थिजू द्यावे. हा चिकटा विसरला की पुढचे सारे व्यर्थ. कागदाची काडी मिळाल्यास उत्तम. बांबूची घेतल्यास टोक छाटून टाकावे. आता लाडू सरळ खाली बुडवावा, सरळ वर काढावा, फिरवू नये, कारण फिरविला की काडीची पकड सुटते. मग लाडू धरलेल्या हाताचे मनगट दुसऱ्या हाताने हलके ठोकावे. जादा चॉकलेट थेंबाथेंबाने पेल्यात परत जाते. उभे करून ठेवण्यासाठी दुकानातील थर्मोकोलचा तुकडा आणण्याचे कारण नाही. कोबीचा घट्ट गड्डा तळाशी कापून उपडा ठेवला तर त्यात दहा-बारा काड्या सुखाने उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्याची भाजी होते.

सजावटीपाशी आलो म्हणजे या पाठाचा माझ्या दृष्टीने खरा भाग सुरू होतो. बाजारातील रंगीत दाणे लावणे सोपे आहे. कवच ओले असताना पहिल्या अर्ध्या मिनिटात ते वरून शिंपडावयाचे, संपले. मी जानेवारीत त्यांच्या जागी संक्रांतीचा काटेरी हलवा लावला. येथे एक स्पष्टीकरण करणे भाग आहे. जबलपूरला 'आज आमच्याकडे हलवा आहे' असे शेजारणीला सांगितले तर ती गाजराच्या अथवा रव्याच्या हलव्याची वाटी घेऊन जाण्याच्या तयारीने येते. शब्द अरबी, अर्थ 'गोड पदार्थ'. उत्तरेने तो एका पदार्थाला दिला, मराठीने दुसऱ्याला. तीळ, खसखस, बडीशेप, साबुदाणा यांवर साखरेचे थरावर थर चढवून केलेला आणि अंगावर बारीक काटा फुललेला दाणा, तो आपला हलवा. त्याचेच दागिने नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या दिवशी तान्ह्या मुलाला घालतात.

मराठी माणसे जबलपूरला कशी आली, त्याचा इतिहास मोठा आहे. १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. कचेऱ्या, रेल्वे, १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने कुटुंबे येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले आणि जबलपूर दुसऱ्या. नातेवाईक होते तेथेच राहिले. आत्याचे माहेर येथे आणि सासर नागपूरला. यजमान गेल्यावर ती परत येथे आली. माझ्या लहानपणी ती दर संक्रांतीला हलव्याचा डबा घेऊन गोंदिया-नैनपूरवरून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने येत असे. हलव्याचा काटा मोडू नये म्हणून डब्यात ती कुरमुरे भरी. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आता तेथून रुंद रूळ गेले आहेत. आत्याही आता कोठे जात नाही.

हलव्याची कृती मी तिच्याकडून तिसऱ्या वर्षी नीट शिकले. तिचे प्रमाण असे. अर्धी वाटी पांढऱ्या तिळांना पाऊण किलो साखर. साखर बुडेल इतके पाणी घालून उकळावयाचे, दोन चमचे दूध घालून वर आलेली मळी काढावयाची आणि एकतारीच्या अलीकडे पाक उतरवून फडक्यातून गाळावयाचा. बाजारात ती 'चाशनी' म्हणते, घरात 'पाक'. जड पितळी कल्हईची परात मंद निखाऱ्यांवर ठेवून तीळ कोमट करावयाचे, त्यांवर अर्धा चमचा पाक सोडावयाचा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवीत राहावयाचे. शेगडी आता नाही; गॅसवर जाड तवा आणि त्यावर परात ठेवली तरी चालते. आच जास्त झाली की साखरेची भुकटी होऊन परातीत पडते, पाक जास्त झाला की दाण्याला दाणा चिकटतो. पुढचा चमचा केव्हा सोडावयाचा, हे मी घड्याळ लावून ठरवू पाहत होते. आत्या म्हणाली, "अगं, घड्याळ कशाला? परात हलव आणि ऐक. ओला दाणा मुका असतो. खळखळ वाजला की सोड." तसे करून पाहिले; त्यानंतर घड्याळ लागले नाही. रोज दोन-अडीच तास, असे चार-पाच दिवस. पहिले दोन दिवस दाणा नुसता गुळगुळीत गोल होतो आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो. काटा येतो तो शेवटी, आणि येतो तो थंडीत. जबलपूरला जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, हवा कोरडी असते. नागपूरपेक्षा येथला काटा चांगला येतो, हे आत्याचे मत.

काटा का येतो, याचा विचार जपानमध्ये एका पदार्थवैज्ञानिकाने केला आहे. पोर्तुगीज धर्मोपदेशक लुईश फ्रोइश याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला 'कोन्फेइतो' नावाच्या साखरदाण्यांची काचेची बरणी भेट दिली. जपान्यांनी ती कला उचलली, शब्दाचे 'कोम्पेइतो' केले, आणि आजही तिरप्या, फिरत्या कढईत दोन-दोन आठवडे पाक घालीत हे काटेरी दाणे तेथे तयार होतात. दाणा गोलच का राहत नाही, हा प्रश्न तोराहिको तेरादा या वैज्ञानिकाला पडला आणि त्याने त्यावर लिहिले. ढोबळमानाने स्पष्टीकरण असे देता येईल. दाण्यावर योगायोगाने एखादा सूक्ष्म उंचवटा आला की परातीला आणि पाकाला तोच आधी लागतो, त्यावर थर आधी चढतो. उंचवटा वाढला की पुढच्या वेळी तो आणखी आधी लागतो. वाढलेलेच अधिक वाढते. बोटांचा दाब जास्त झाला तर मात्र हे टोक घासले जाऊन नाहीसे होते. आत्याचा 'हलक्या हाताने, अगदी हलक्या' हा जप याच कारणासाठी असावा.

चॉकलेटवर हलवा लावताना एकच पथ्य आहे. हलवा म्हणजे कोरडी साखर. ओलावा दिसला की ती वितळते. खव्याच्या उघड्या गोळ्यावर हलवा लावला तर तासाभरात काटा जातो. चॉकलेटच्या कवचात पाणी नसते, म्हणून त्यावर तो आठ-आठ दिवस टिकतो. कवच ओले असताना हलवा शिंपडू नये, चिमट्याने एक एक दाणा टेकवावा. शिंपडलेल्या हलव्याचे काटे चॉकलेटमध्ये रुततात. पांढरा हलवा काळ्या चॉकलेटवर विलक्षण उठून दिसतो. संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि तिच्यावरचे हलव्याचे दागिने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

आणखी एक सूचना, आणि ती गंभीर आहे. चार वर्षांखालील मुलांच्या हाती ही काडी देऊ नये, आणि कडक हलव्याचे दाणे तर मुळीच नाहीत; दाणा घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी काही लाडू काडीशिवाय, हलव्याशिवाय ठेवावेत.

गेल्या जानेवारीत आत्याच्या पणतूचे बोरन्हाण माझ्या घरी झाले. तिच्या बोटांना आता कंप आहे. निखाऱ्यापाशी बसवत नाही. दागिने घडविण्याइतका हलवा माझ्याच्याने होणे शक्य नव्हते आणि ते मी तिला आधीच सांगितले होते. ती काही बोलली नाही. परात मात्र तिने कल्हई करून आणविली. मी पाच रात्री बसून तिळाचा आणि खसखशीचा मिळून दीड वाटी हलवा केला. त्यातून बाळाच्या मनगटांपुरत्या दोन बिंदल्या ओवल्या आणि उरलेला चोवीस काळ्या लाडवांवर लावला. बाळाला पाटावर बसवून बोरे, उसाचे करवे आणि कुरमुरे डोक्यावरून ओतले. मुले ती वेचण्यासाठी झेपावली, मग काड्यांकडे वळली. या वेळी एकही लाडू घसरला नाही.

आत्याने एक काडी हातात घेतली. केक खाल्ला नाही. चश्मा वर करून एकेक दाणा नखाने चाचपून पाहिला. "तिळाचा बरा आहे," ती म्हणाली, "खसखशीचा आखूड राहिला. पाक तुझा घट्ट झाला होता." मग काडी ताटात ठेवून तिने विचारले, की परात कोठे आहे. धुऊन पालथी घातली आहे, असे मी सांगितले. "तुझ्याकडेच राहू दे. आणि पुढच्या वेळी डिसेंबरातच लाग कामाला, संक्रांत तोंडावर येईपर्यंत थांबू नकोस."